हिरव्या कागदातली न्याहारी

मी एक जुनी सीट आहे. ड्रायव्हरची. मित्रांनो, तुम्ही गाडीत चढता, खिडकीसाठी भांडता आणि जिच्यावर बसता तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. याबद्दल माझी तक्रार नाही. इतकी वर्षं माणसांच्या पाठी सोसल्यावर त्यांनी तोंड दाखवावं अशी इच्छाच उरत नाही.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. कुणी लोखंडाचा सांगाडा जोडला, कुणी स्प्रिंगा बसवल्या, कुणी फोम चिकटवला आणि वरून दुहेरी टीप मारून मला काळं रेक्झिन चढवलं. तपासणाऱ्याने माझ्यावर गुडघा रोवला आणि ही भल्याभल्यांना पुरून उरेल, असं तो म्हणाला. माझ्या आयुष्यात कुणी केलेली ती पहिली स्तुती. शेवटचीही तीच, असं समजायला हरकत नाही.

मग मी एका व्हॅनमध्ये आले. या व्हॅनचं काम जगावेगळं होतं. सकाळी गावभरच्या दवाखान्यांतून रक्ताच्या नळ्या गोळा करायच्या आणि थंड पेटीत ठेवून लॅबमध्ये पोचवायच्या. रक्त देणारे लोक आदल्या रात्रीपासून उपाशी असत. त्यांच्यापैकी कुणी चहा तरी घेऊ का, असं विचारलं की आमचा ड्रायव्हर दारातूनच उपदेश करी. घोटभरही नाही, सगळा रिपोर्ट फुकट जाईल, वगैरे. सगळे त्याला पेटीवाले म्हणत. गाडी तो चांगली चालवायचा, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतं. त्याच्या हातून एकही नळी कधी फुटली नाही.

पण लोका सांगे ब्रह्मज्ञान. दुसऱ्यांनी उपाशीपोटी दिलेल्या रक्ताची पेटी मागे ठेवून हा गृहस्थ रोज एका खाण्याच्या दुकानाच्या खिडकीपाशी गाडी लावायचा. तिथे गाडीतून न उतरताच खायला मिळतं. उतरायचे कष्टसुद्धा ज्यांना नकोत अशांची तिथे रांग असते. हा तळलेल्या मांसाचा बन घ्यायचा, वर चीज, सोबत बटाट्याच्या तळलेल्या काड्या आणि बादलीएवढं गोड पेय. एक हात स्टिअरिंगवर, एक तोंडात, आणि सगळा सांडलवंडीचा मान माझा. वितळलेलं चीज माझ्या शिवणीत गेलं की आठवडाभर वास मारायचं. मी ते पोटात घातलं. दुसरा मार्गच नव्हता.

मग एका वर्षी त्याच्या स्वतःच्या तपासणीची वेळ आली. गाडी चालवायला तब्येत ठीक आहे, हे डॉक्टरबाईंनी लिहून दिल्याशिवाय कंपनी कुणाला चाकामागे बसू देत नसे. त्या सकाळी त्याने खिडकीवरून संत्र्याच्या रसाची बाटली घेतली आणि माझ्यावर बसून रिकामी केली. रस म्हणजे काही खाणं नव्हे, असं तो स्वतःशीच म्हणाला. आयुष्यभर लोकांना घोटभर चहाची बंदी करणारा माणूस! अर्थात साखर डोक्यावरून गेली. दुसऱ्या दिवशी खरोखर उपाशी राहून पुन्हा रक्त दिलं, तरी ती फारशी खाली आली नव्हती. डॉक्टरबाईंनी बजावलं की तीन महिन्यांत साखर उतरवा, साखरेने पायातल्या नसा मरतात म्हणून तेव्हा पायही तपासू, आणि जमलं नाही तर चाक दुसऱ्याच्या हाती जाईल.

तो घाबरला. चाक सोडून त्याला दुसरं काही येत नव्हतं. त्याने त्याच दिवशी बन सोडला, हे खरं. पण अक्कल मात्र खिडकीवरच गहाण ठेवली.

त्या दुकानात काही पदार्थ हिरव्या कागदात गुंडाळून देत. कागदावर एक पान छापलेलं. पान पाहिलं की आमच्या शहाण्याला वाटे, हे बागेतून थेट आलंय. तो फळांचा मफिन घेऊ लागला. मित्रांनो, मफिन म्हणजे केकच. वाढदिवस नसताना खाल्ला की त्याला न्याहारी म्हणतात, एवढाच फरक. मधात घोळून कुरकुरीत केलेले ओट्स, त्याखाली गोड दही. फळांचं दूध, ज्यात फळ औषधाला आणि साखर मूठभर. खाऊन झालं की बायकोला फोन करून सांगायचा, आज अगदी हलकं खाल्लं. मला त्या जुन्या बनबद्दल आदर वाटू लागला. निदान तो खोटं तरी बोलत नव्हता.

याच दिवसांत त्याच्या उजव्या पायाला मुंग्या येऊ लागल्या. त्याने बुटांना दोष दिला आणि एक नंबर मोठे बूट आणले. पायात काही बिघडलं असेल हे मनात आणण्यापेक्षा चांभाराला शिव्या घालणं सोपं असतं.

शेवटी मीच फाटले. डाव्या कुशीची टीप उसवली आणि फोम बाहेर डोकावू लागला. त्याची बायको पिशव्या आणि गाड्यांची कव्हरं शिवायची. बोलायला मोजकी, हात मात्र सुरेख. तिने रविवारी त्याच्याकडून माझे नट काढून घेतले, मला अंगणात उताणं टाकलं आणि कात्रीने शिवण उलगडली. आतून काय निघालं, काय सांगू. मफिनचा चुरा, मधाने रेक्झिनला चिकटलेले ओट्स, हिरव्या कागदाचे बोळे, कॉफीत ओतलेल्या साखरेच्या रिकाम्या पुड्या. ती एकेक वस्तू काढून फरशीवर मांडत गेली. तो हातात पाना धरून उभा होता.

“हे सगळं हेल्दीच होतं,” तो म्हणाला.

तिने त्या ढिगाकडे पाहिलं, मग त्याच्या पोटाकडे. “हिच्या पोटातून एवढं निघालं. तुमच्या पोटातून काढायला मी कुठली शिवण उसवू?”

मला त्याची कीव आली नाही, पण त्या बाईची आली. ती मान खाली घालून मला शिवत राहिली आणि सुई दोनदा तिच्या बोटात शिरली.

दुसऱ्या दिवशी ती गाडीत शेजारी बसून खिडकीवर आली. आतल्या मुलीला तिने सरळ विचारलं की फलकावर साखर नसलेलं आणि तळलेलं नसलेलं काय आहे. होतं. भाजलेल्या ब्रेडमध्ये अंडं, टोमॅटो आणि पाला. चीज नको, सॉस नको म्हटलं की ते घालत नसत. अख्खं सफरचंद होतं. बिनसाखरेची कॉफी होती, पाणी होतं. सगळं फलकाच्या तळाशी, बारीक अक्षरांत. इतकी वर्षं तो त्याच खिडकीशी थांबत होता आणि त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

त्यानंतर त्याने तेच खाल्लं. कुरकुर केली, तोंडं वाकडी केली, पण खाल्लं. पट्टा एका भोकाने आत गेला आणि माझ्या स्प्रिंगांना प्रथमच श्वास घेता आला. मी त्याच्याबद्दल बरं मत करून घ्यायच्या बेतात होते.

तीन महिन्यांनी तो रात्रीपासून खरोखर उपाशी राहून तपासणीला गेला. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरबाईंकडून परत येऊन माझ्यावर बसला. किल्ली फिरवली नाही. बायकोला फोन लावला.

“साखर उतरली,” तो म्हणाला. मग त्याने किल्ली काढून खिशात टाकली. “पण डॉक्टरबाईंनी पायाला टाचणी टोचलेली कळली नाही मला.”

तिने कुठल्या पायाला, असं विचारलं असावं.

“ब्रेकच्या,” तो म्हणाला.

पायातली जाणीव आधीच गेली होती. हिरव्या कागदांच्या दिवसांतच ती गेली, असं मी म्हणणार नाही. त्याआधीची बनची वर्षंही होतीच. तो खाली उतरला. उतरताना त्याने माझी पाठ घट्ट धरली आणि पाय जमिनीला टेकला की नाही, हे पाहायला खाली वाकून बघितलं. मी आयुष्यभर माणसांना नावं ठेवली, पण त्या वेळी मला काही सुचलं नाही.

मित्रांनो, मला उन्हात ठेवू नका, पुसून घ्या, असं मी सांगणार नाही. मला शिवायला कुणीतरी मिळेल. वाटेत खायची पाळी आली तर कागदाचा रंग पाहून भुलू नका, आत काय आहे ते विचारा. विचारायला लाज वाटते? खायला वाटत नाही ना, मग झालं. तुमचा पाय जमिनीला टेकला की तुम्हाला न बघता कळतं. ते तसंच कळत राहू द्या.