काकूंच्या पत्र्यातून आलेला दगड

आमचे भाऊजी खाणीत सुरुंग उडवतात आणि घरात ताईला वचकून असतात. परवा दुपारी सुरुंग उडाला, आणि त्याच सुमाराला शेजारच्या काकूंच्या पत्र्याला भोक पाडून एक काळा दगड थेट शिलाई मशीनवर आदळला. काकूंनी तक्रार ठोकली. दगड खाणीतला ठरला तर भाऊजींचा परवाना रद्द.

"उल्का आहे," भाऊजी म्हणाले. ते त्यांना स्वतःलाही पटलेलं नव्हतं, पण दुसरं काही सुचत नव्हतं.

तपासणीपर्यंत दगड भाऊजींच्याच ताब्यात दिलेला होता. पुरावा आरोपीकडे ठेवला की कार्यालयात जागा अडत नाही. तपासणीच्या सकाळी मी त्यांच्या स्वयंपाकघरात डोकावलो, तर भाऊजी सांडशीत दगड धरून गॅसवर भाजतायत.

"आकाशातून पेटत आलेली वस्तू जरा भाजलेली दिसायला नको?"

भूगर्भतज्ज्ञ बाई आल्या. काकूही आल्या. बाईंनी दगड हुंगला.

"पडला तेव्हा कसा होता?"

"लालबुंद! धूर निघत होता!" भाऊजी म्हणाले.

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"अहो, लाज वाटते का काही?" काकू उसळल्या. "उचलला मी! गारठलेला होता. पेटत आला असता तर माझा हात शाबूत राहिला असता?"

भाऊजींनी डोळे मिटले. ताईची नजर पाहून मला वाटलं, परवान्याचं पुढे बघू, आधी हे वाचतात का बघावं.

"नक्की गार?" बाईंनी काकूंना विचारलं.

"शपथेवर सांगते."

"मग ऐका. उल्का इतक्या वेगात येते की पुढच्या हवेला बाजूला सरायला सवडच मिळत नाही. ती हवा दाबली जाऊन भयंकर तापते आणि दगडाची साल वितळवून उडवून नेते. बारीक खडे त्यातच संपतात. मोठा असला तर थोडा उरतो. पण सगळा खेळ काही सेकंदांचा, आतपर्यंत ऊब पोचतच नाही. वेग संपला की उरलेला तुकडा वरच विझतो आणि साध्या दगडासारखा पडतो."

त्यांनी एक कोपरा घासला. काळी साल कागदाएवढी पातळ. आत धातूचे कण चमकत होते. "हे तुमच्या खाणीतलं नाही."

भाऊजी हसायला लागले.

"आणि हा गॅसचा वास?"

ताई म्हणाली, "माझी सांडशी काळी पडलीय. तीही पुराव्यात घ्या."

परवाना वाचला. काकू जागच्या हलल्या नाहीत.

"मग माझा पत्रा?"

बाईंनी आकाशाकडे बोट दाखवलं. काकूंनी भाऊजींकडे पाहिलं.

"दगड गार होता हे कुणी सांगितलं? मी. आणा शिडी."