नगराचं नाव

डब्याच्या झाकणावर ठेवलेला फोन थरथरला आणि झाकण खणखणलं. झोपलेल्या ऋतुजानं कूस बदलली. मी ओल्या हातानंच फोन उचलला. सासूबाई होत्या, सकाळी जळकोटहून एसटीनं निघालेल्या.

"उज्वला, उतरले गं मी विष्णुपुरीत."

माझा जीव अर्धा भांड्यात पडला. सकाळपासून फोनवर त्यांचा निळा ठिपका बघत होते. कंधारला तो बराच वेळ हलेना, तेव्हा तव्यावरची पोळी करपली.

सासरे गेल्यापासून आत्या (सासूबाईंना मी आत्याच म्हणते) एकट्या कुठं गेल्या नव्हत्या. मोठे दीर आनंदराज भाऊजी सोडायला येतील तेव्हाच यायचं, आणि भाऊजींना कधी वेळच नाही. नात बघायची म्हणून आत्या झुरायच्या. यंदा त्यांनी सांगून टाकलं, मी एकटी जाते. भाऊजी म्हणाले, "जा. पण तुला हुडकत कुणाला यावं लागलं, तर पुन्हा एकटीनं जायचं न्हाई."

दिवाळीतच मी त्यांना फोन शिकवला होता. एसटी कुठवर आली ते कसं बघायचं, आपण कुठं आहोत ते मला कसं पाठवायचं. आणि लिहिता येत नसलं तरी अडत नाही, नकाशात माइकच्या चित्रावर बोट ठेवून जागेचं नाव बोलायचं, फोनमधली बाई रस्ता सांगते. आत्या त्या बाईला "हाव बाई, कळलं" असं उत्तरही द्यायच्या. मग गेल्या महिन्यात आम्ही घर बदललं. नव्या कॉलनीचं नाव मी त्यांना सांगितलं, त्या नुसतं "हूं" म्हणाल्या. मी पुढं विचारलंच नाही.

"आता माइकवर बोला, आत्या. आणि ऑटोवाल्याला रस्ता दाखवा."

"बोलले की. नगर म्हणलं. तर ही बया मला अहिल्यानगरला घेऊन निघाली."

"नुसतं नगर नाही हो, पूर्ण नाव घ्या."

पलीकडून एक ट्रक गेला.

"कसं घेऊ?" त्या हळूच म्हणाल्या. "यांचं नाव हाय ते."

उमाशंकर नगर. मी नवऱ्याला घरभर सुदर्शन, सुदर्शन अशा हाका मारत फिरणारी. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. आत्या तर रेशनच्या दुकानात सुद्धा नवऱ्याचं नाव विचारलं की पोराला पुढं करायच्या.

"ऑटोवाल्याकडं द्या फोन, मी सांगते."

"नको. तू सांगितलंस म्हणजे तू आणलंस."

"मग मी येते तिथं."

"आलीस तर उलट्या एसटीनं जाते बघ," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

ठिपका हलेना. मी चपला घातल्या, काढल्या. ऋतुजा उठून मांडीवर येऊन बसली. "आजी अडकली का?"

"नाही गं, येईल."

आणि ठिपका हलला. कॉलेजवरून पुढं आला, आमच्या गल्लीकडं वळला.

दारात ऑटो थांबला. आमच्याच भागात ऑटो चालवणारे, पांढऱ्या दाढीचे निजामोद्दीनचाचा हसतच पिशवी घेऊन उतरले. "बेटी, तुझ्या सासूनं फोनपुढं उखाणा घेतला."

आत्यांनी पदर तोंडाला लावला.

"कसा होता, चाचा?"

"ऐक. नातीसाठी डब्यात घेतले शेंगदाण्याचे लाडू, उमाशंकररावांच्या नगराला वाट कुठून काढू. फोन बोलला, काही सापडलं न्हाई. मी बोललो, अम्मा, मेरे कू समझा, बैठो."

मी हसायला लागले आणि मध्येच थांबले. नाव घ्यायची आत्यांना ठाऊक असलेली ती एकच रीत. सासरे गेल्यावर कुणी त्यांना उखाणा घे म्हणालं नव्हतं. हळदीकुंकवालाच कुणी बोलावलं नव्हतं.

चाचा गेले. आत्यांनी उभ्याउभ्याच भाऊजींना फोन लावला. "पोचले. न्हाई, कुणी आलं न्हाई न्यायला. आपली मी आले. पुढल्या महिन्यात बी येणार हाय." मग माझ्याकडं वळल्या. "उज्वला, ह्यात आपल्या घराला दुसरं नाव ठेवता येतंय का?"

"येतं की."

'ऋतुजाचं घर' असं नाव मी नकाशात ठेवून दिलं. त्यांनी माइकवर बोट दाबून ते बोलून बघितलं, बाई लगेच म्हणाली, तुम्ही पोहोचला आहात. "हाव बाई," आत्या म्हणाल्या आणि पाय धुवायला मोरीकडं गेल्या.

ऋतुजा लाडू खात माझ्याकडं बघत होती.

"मम्मी, आजी आजोबांचं नाव घेत न्हाई ना?"

"नाही घेत."

"मग मनात त्यांना हाक मारताना काय म्हणते?"