मागचं दार असलेला गाळा

"मागच्या दाराने येत जा. त्यांना दिसला नाहीस म्हणजे झालं."

हे ताई म्हणाली. हातात नव्या गाळ्याची किल्ली, तोंडावर जागा मिळाल्याचा आनंद, आणि मला म्हणते मागच्या दाराने ये.

"मी काय कचऱ्याची बादली आहे?"

"झालं याचं सुरू," आई ओट्यापाशी उभी राहून बोलली. "अरे, तिच्या दवाखान्याचा प्रश्न आहे. जरा नमतं घेतलंस तर काय झिजशील?"

ताई जनावरांची डॉक्टर. दुसऱ्याच्या दवाखान्यात राबून वैतागली होती, स्वतःचा टाकायचा म्हणाली. जागा शोधायचं लचांड माझ्या गळ्यात, कारण घरात रिकामटेकडा मीच. मी स्कूटर चालवायची, तिने मागे बसायचं. गाळे बघून बघून डोळे पांढरे झाले. एक होता पहिल्या मजल्यावर, चिंचोळा जिना. पाय मोडलेलं कुत्रं वर नेणार कोण? एक बंद पडलेलं सलून, चारी भिंतींना आरसे. मी शेजारचं कुत्रं मुद्दाम आत सोडून बघितलं. स्वतःवरच भुंकून त्याचा घसा बसला. मालक म्हणे, आरसे काढायचे नाहीत. बेकरीशेजारच्याने तर 'केस पावात जातील' म्हणून लांबूनच हात जोडले.

त्यात ताईचा हट्ट, मागे दार पाहिजेच. जुन्या दवाखान्यात एका आजोबांचं कुत्रं टेबलावरच गेलं. ते त्याला चादरीत गुंडाळून समोर बसलेल्या सगळ्यांमधून घेऊन निघाले, आणि लोकांनी आपापली कुत्री मांडीशी ओढून घेतली. ते बघितल्यापासून ती म्हणायची, असं कोणालाच जायला लागू नये.

शेवटी जागा मीच हुडकली. बंद झालेला फोटो स्टुडिओ. रस्त्याला लागून, पायरी नाही, फोटो धुवायच्या खोलीत नळ आणि मोरी, मागे गल्लीत उघडणारं दार. ताईने माझ्या पाठीवर थाप मारली. मग कळलं, मालकीण म्हणजे आमच्या शाळेच्या मोठ्या बाई. त्यांनी अख्ख्या वर्गासमोर मला 'वाया गेलेला' म्हटलं, आणि मी त्यांच्या टेबलावर दप्तर आपटून निघून आलो ते आलोच.

बोलणी करायला ताई गाळ्याशेजारच्या बाईंच्या घरात एकटीच गेली. मी खिडकीखाली स्कूटरला टेकून उभा.

"जनावरांचं मला काही नाही," बाई म्हणाल्या. "भुंकू देत, वास येऊ दे. तो तुझा भाऊ मात्र तिथे नको. चांगली माणसं येणार तुझ्याकडे."

म्हणजे कुत्रं चालतं, मांजर चालतं, उकिरड्यावरचं खरूज झालेलं पिल्लूही चालतं.

मला वाटलं, आता ताई म्हणेल, जनावर धरायला मला तोच लागतो. आमचं ठरलं होतं तसं. ती सुई टोचणार, मी धरणार. बिथरलेलं मांजर टॉवेलात कसं गुंडाळायचं हे तिनेच मला शिकवलंय, आणि माझ्या हातात मांजरं गप्प राहतात.

"नाही येणार तो," ताई म्हणाली. श्वास घेते तितकाही वेळ लावला नाही.

"जागा हातची गेली असती," आता घरी ती मला समजावत होती. "आणखी किती वणवण करायची? धरायला एक मुलगा ठेवलाय मी. कोर्स केलेला आहे."

"बाईंना आवडेल असा."

"हो, तसाच. निदान कोणी काही बोललं की सामान आपटत नाही तो."

आईने गॅस बारीक केला.

"थोडे दिवस जाऊ देत रे," ताईचा आवाज मऊ झाला. "विसरतील त्या."

"त्या विसरतील. मी ऐकलंय त्याचं काय?"

तिला तेव्हा कळलं की मी खिडकीखाली होतो. किल्ली या हातातून त्या हातात करत राहिली, पण चुकलं असं काही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या टेंपोवाल्याकडे माल चढवायला लागलो. काल ताई म्हणाली, पाटी लावायला तरी ये, आपल्यात उंच तूच आहेस. मी येतो म्हणणारच होतो. तर पुढे म्हणाली, दुपारी ये, तेव्हा बाई झोपलेल्या असतात.

आज दवाखान्याचा पहिला दिवस. सकाळी ती आईच्या पाया पडली, मग माझ्याकडे बघत दारात घुटमळली. मी बुटाची नाडी बांधत बसलो. खाली टेंपोवाला हॉर्नवर हात ठेवून बसलाय. मला आता निघायला पाहिजे.