श्वासगुरूंचा अंगठा

कामणच्या त्या गोडाऊनमध्ये गुरुवारी पाय ठेवायला जागा नसे. श्वासगुरू रोग्यासमोर काचेची नळी धरून फुंकायला लावत. आतला लाल चेंडू हलत नसे. मग भस्म, मंत्र, पाठीवर थाप. पुन्हा फुंकलं की चेंडू टुणकन वर! "प्राण जागा झाला, मशीनची गुलामी संपली," असं गुरू म्हणत आणि लोक हात जोडून रडत.

जूचंद्रची दिपिका आज पुढेच बसली होती. तिचा भाऊ अल्पेश इथेच फुंकून गेला होता. त्याचे स्नायू झिजत होते, श्वासाचेसुद्धा. झोपेत त्याचा श्वास अपुरा पडे, म्हणून डॉक्टर शर्लींनी रात्री मास्कचं मशीन लावायला सांगितलं होतं. चेंडू उडाला, आईने मशीन माळ्यावर टाकलं आणि आठवड्याच्या आत अल्पेश झोपेतच गेला. गुरूंनी निरोप धाडला, घरच्यांची श्रद्धा कमी पडली. आईने अंथरूण धरलं. दिपिकाने राग जपला.

अल्पेशने फुंकलं त्या दिवशीचा मोबाइलवरचा व्हिडिओ ती घरी पुन्हा पुन्हा बघत राहिली होती. पहिल्या फुंकरीला गुरूंची बोटं नळीच्या वरच्या टोकाला होती, दुसऱ्या वेळी अंगठा बुडाशी.

आज मलाही दम लागतो असं सांगून ती पुढे गेली आणि नळी हातात येताच तिने ती उलटी केली. बुडाशी करंगळीएवढं भोक होतं.

"गुरुजी, आधी तुम्ही फुंका."

ते हसले, पण लोक बघत होते. तिने धरलेल्या नळीत त्यांनी फुंकलं. चेंडू ढिम्म. तिने पुन्हा फुंकायला लावलं, मग पुन्हा. गळ्याच्या शिरा तटतटल्या, भस्मावरून घाम ओघळला. तिला ते डोळे भरून पाहायचं होतं. मग भोकावर अंगठा दाबून तिने हलकेच फुंकलं. चेंडू वर गेला.

गुरू हळू आवाजात म्हणाले, "ताई, मिटवून टाकू."

"माझा भाऊ मिटला. आता तुमची पाळी."

तिने पोलिसांना फोन केला आणि ते येईपर्यंत दारात उभी राहिली. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला.

जमलेल्यांना तिने शर्लींनी समजावलेलं सांगितलं. श्वासाच्या स्नायूंची ताकद मोजताना बंद नळीतून जोराने हवा ओढायला लावतात आणि दाब बघतात. झोपेतला ऑक्सिजनही तपासतात. मशीन लागणार की नाही, ते त्यावरून ठरतं.

"कुणी मशीन काढ म्हणालं, तर आधी विचारा, काय मोजलं? कशानं मोजलं? उत्तर मिळेपर्यंत मास्क काढू नका."