शेवग्याचा पाला माझ्यापर्यंत आला तेव्हा

“पोरगी पोटानं कच्ची हाय गो आनंदे. भावाला निरोप धाडलाय तिच्या. शुक्रवारी येऊन घेऊन जाईल माहेरी, वळ गावाला.”

जन्मल्यावर माझ्यापर्यंत पोचलेले हे पहिले शब्द. बोलत होती राहीबाई, ओट्यावर बसून, शेजारच्या आनंदीबाईशी. ऐकत होती तिची नवी सून कमळ, कुडामागं, राखेनं माखलेली कढई हातात धरून. तिनं ऐकावं असं कुणाच्याच मनात नव्हतं. आणि मी होते कमळच्या पोटात. मी तिच्या मोठ्या आतड्याच्या अस्तरातली एक पेशी. मला कान नाहीत, पण कमळच्या कानावर पडलेलं खाली यायला वेळ लागत नाही. ती उलटून बोलत नाही ना, मग तिचं न बोललेलं सगळं आमच्याकडं मुक्कामाला येतं. त्या दिवशीही आलं. सगळं आतडं पिळवटलं.

आम्ही जन्मतो अगदी लहानशा विहिरींच्या तळाशी. आतड्याच्या आतल्या अंगाला अशा अगणित विहिरी आहेत. तळातून हळूहळू कडेनं वर सरकायचं, काठावर पोचलं की रांगेत उभं राहायचं, शेजारणीचा हात घट्ट धरायचा, आणि वेळ झाली की सोडून द्यायचा. अवघ्या काही दिवसांचा संसार. काम एकच. बाहेरचा गाळ आत शिरू द्यायचा नाही.

पण मी वर सरकू लागले तेव्हा रांगेची दशा वाईट होती. हात सुटलेले, मधूनमधून फटी पडलेल्या. आमच्यावर चिकट रसाचं पांघरूण असतं, तेही विरलेलं. फटींतून नको ते आत येई, त्याला हाकलायला रक्तातले शिपाई धावत, आणि त्यांच्या धुमश्चक्रीत मार आम्हालाच. कमळ मग पोट दाबून चुलीपुढं वाकायची. राहीबाई म्हणायची, “बघ, परत धरलंन पोट.”

एवढं झालं कशानं, ते थोरल्या पेशींनी सांगितलं, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी सांगितलेलं. माहेरी कमळ लाल माठ खायची, कांदा फोडून भाकरीशी खायची. सासरीही भाजी होते, तीच करते. पण घरची रीत अशी की आधी सासरे हिरामण आणि नवरा चांगदेव बसणार, मग राहीबाई, आणि सगळ्यांचं आवरल्यावर नवी सून. तिची पाळी येईतो कढईत भाजी उरत नाही. कमळ कढईत पाणी फिरवते आणि ते भातावर ओतते. रेशनचा पांढरा भात आणि फिक्कं पाणी. त्यात पोट दुखायला लागल्यावर राहीबाईनं मायेनंच फर्मान काढलं, “आता नुसती पेज पी.” म्हणजे भाजीचं ते पाणीही गेलं.

राहीबाई वाईट नाही हो. ती आनंदीबाईला म्हणाली, “आमी पन रश्श्यावरच दिस काढले. आमाला कुटं काय झालं?” आणि हे म्हणताना तिनं स्वतःचं पोट चोळलं, ते कमळनं बघितलं.

मग एकदा दुसऱ्या पाळीचा कारागीर आला नाही, म्हणून चांगदेवला कापडाच्या लूमवर डबल ड्युटी लागली. हिरामण खारबावला पाहुण्यांकडं अडकले. शेवग्याच्या पाल्याची भाजी कढईत तशीच राहिली.

“आंबून जाईल,” राहीबाई म्हणाली. “टाकन्यापरीस तू खा.”

अशा मानानं भाजी आमच्याकडं आली.

पाल्याचा बराचसा भाग वरच्या आतड्यात जिरून जातो. पण त्यातले रंगवाले तिथं पुरते जिरत नाहीत. शिकलेली माणसं त्यांना फ्लॅव्होनॉइड म्हणतात म्हणे. आम्ही आपलं रंगवालेच म्हणतो. ते साखरेचं गाठोडं पाठीला बांधून फिरतात, म्हणून वरची दारं त्यांना सहज उघडत नाहीत. फिरत फिरत येतात आमच्या गावी. इथं जिवाणूंची मोठी वस्ती आहे. ते गाठोडं सोडतात, साखर स्वतः खातात, रंगवाल्यांचे बारीक तुकडे करतात. पहिल्या दिवशी कमळच्या पोटात जी गुरगुर झाली ती या पाहुणचाराची. सवयच राहिली नव्हती कुणाला.

ते तुकडे आमच्यापाशी पोचले. शिपायांना कुणीतरी म्हटल्यासारखं झालं, पुरे आता. माझा आणि शेजारणीचा सुटलेला हात पुन्हा जुळला. पांघरूण थोडं जाड झालं. थकलेल्या पेशी अडून बसायच्या थांबल्या, वेळेवर जागा सोडू लागल्या. एका जेवणानं काही आतडं नवं होत नाही, मी तसं म्हणणारही नाही. पण फरक पडला, आणि तो कमळला कळला.

परसात शेवगा उभाच होता. घरची माणसं त्याच्या शेंगा मोजायची, पाला कुणी मोजत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ती पेजेत मूठभर पाला टाकू लागली. वर कांद्याची फोड. राहीबाईनं बघितलं, “पेजेत काय गवत घातलंस गो?” म्हणाली आणि सोडून दिलं. सून तर जाणारच होती.

गेलेला निरोप परत कोण आणणार? शुक्रवारी लूम बंद, चांगदेव घरी, आणि कमळचा भाऊ लडकू उन्हातून चालत आला. कमळच्या लुगड्यांचं बोचकं राहीबाईनं दाराशी आणून ठेवलं. पुरुषांची पानं मांडली.

“बरी झाली का बगू पुढचं,” राहीबाई लडकूला म्हणाली.

चांगदेवनं भात कालवला. एकदाच म्हणाला, “आये, हल्ली तिचं पोट दुखत न्हाय वाटतं.”

“तुला काय म्हाईत? तू असतोस कुटं घरात?”

मी तेव्हा काठावर पोचले होते. माझी वेळ भरली होती, शेजारणीचा हात सोडायचा होता. खालून नवी पोर माझ्या जागेवर यायला निघाली होती. धडधाकट, भरल्या अंगाची. तुम्हाला एवढंच सांगून जाते. तुमच्या घरातल्या शेवटच्या ताटात काय पडतं, ते एकदा वाकून बघा. त्या ताटामागंही आमच्यासारख्या पेशी रांगा धरून उभ्या असतात.

मला वाटलं, नेहमीसारखं आतडं पिळवटेल आणि कमळचे शब्द आमच्याकडं उतरतील. या वेळी ते खाली आलेच नाहीत. वर गेले.

“दादा, तू पोटभर जेव आन जा, मी येत न्हाय. आत्या, तुमची नि माझी भाजी मी आधीच वेगळी काढून ठेवलीय. आजपासून आपन दोघी एकदम बसू.”