आकडा कुणालाही सांगू नका

"बाबा, सहाही आकडे एका दमात सांगा. मध्ये थांबलात की वेळ संपते," असं म्हणून धाकटीने मोबाइल स्पीकरवर टाकला आणि डब्याचं झाकण उघडलं.

पलीकडून चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज आला, मग बंद केल्याचा. बाबांना घाई कशी ती ठाऊक नव्हती.

धाकटी चव्वेचाळीस वर्षांची होती. मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशनची हत्यारं धुऊन, मोजून ट्रेमध्ये लावून वाफेवर निर्जंतुक करणाऱ्या विभागाची ती प्रमुख. हाताखाली पाच माणसं. तिची सही असल्याशिवाय एक कात्रीदेखील ऑपरेशन थिएटरात जात नसे. घरात मात्र ती अजून धाकटीच होती. विभागात मोबाइल नेता येत नसे, म्हणून जेवणाच्या अर्ध्या तासात कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून ती एका हाताने जेवायची आणि दुसऱ्या हाताने घरचा कॅमेरा उघडायची.

गेल्या वर्षी बाबा न्हाणीघरात घसरून पडले होते. खुब्याचं हाड मोडलं. धाकटी कामावरून परत येईपर्यंत अडीच तास ते तसेच फरशीवर होते. दादा परदेशातून धावत आला, बारा दिवस राहिला आणि निघायच्या संध्याकाळी, खाली टॅक्सी उभी असताना, बाहेरच्या खोलीतल्या पुस्तकांच्या कपाटावर कॅमेरा बसवून गेला. गडबडीत हाताशी बाबांचा फोन होता, त्याने बाबांच्याच नावाने खातं उघडून तोच नंबर घातला. त्या वेळी कुणाचं काही अडलं नाही. आठ महिने नुसत्या पासवर्डवर काम चाललं. मग गेल्या महिन्यात कंपनीने ठरवलं की पासवर्ड पुरेसा नाही, प्रत्येकाने नोंदवलेल्या नंबरवर येणारे सहा आकडेही घातलेच पाहिजेत. धाकटीच्या फोनवरचं ते अ‍ॅप तर तिला रोज नव्याने विसरायचं आणि आकडे मागायचं.

तिने मदत केंद्राला तीनदा फोन केला होता. नंबर बदलायचा तर ज्यांच्या नावावर खातं आहे त्यांनी स्वतः बोललं पाहिजे, असं उत्तर तिन्ही वेळा मिळालं. एकदा तिने फोन बाबांच्या हातात दिलाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की माझा नंबर चांगला आहे, मला बदलायचा नाही. त्यांना नीट समजलं नसावं, असं तिला वाटलं.

म्हणून रोज दुपारी हा कार्यक्रम. बाबा एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. आकडे जोडीजोडीने सांगायचे, दोन जोड्यांमध्ये श्वास घ्यायचा आणि शेवटी समोरच्याकडून परत म्हणवून घ्यायचे, ही त्यांची जुनी शिस्त. ते म्हणवून घेईपर्यंत आकडा शिळा व्हायचा आणि कंपनी नवा पाठवायची. दोन-तीन फेऱ्यांनंतर धाकटीला बाबा खुर्चीत बसलेले दिसायचे आणि मग तिच्या घशाखाली घास उतरायचा.

आज मात्र बाबांनी आकडा सांगितलाच नाही. त्यांनी संदेश शेवटपर्यंत मोठ्याने वाचला.

"यात लिहिलंय, हा आकडा कुणालाही सांगू नका."

"मी कुणीही आहे का, बाबा?"

"आवाजावरून काय सांगणार? हल्ली आवाजाचीसुद्धा नक्कल करतात. पेपरात आलंय."

धाकटीला हसू आलं. ती म्हणाली, घ्या माझी परीक्षा. बाबांनी खरोखरच प्रश्न काढला. शाळेच्या पहिल्या दिवशी तुला सोडायला कोण आलं होतं, असं त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही. तुमची ड्युटी होती आणि आईला ताप होता. दादाचा शर्ट मागून धरून गेले मी."

बाबा म्हणाले, "बरोबर."

"मग सांगा आता."

"तू माझी मुलगी आहेस हे पटलं. आकडा नाही सांगणार."

धाकटीने हातातला घास डब्यात ठेवला. बाबांचा आवाज चढला नव्हता. एक्स्चेंजमध्ये ते ज्या आवाजात बोलत असतील, त्याच आवाजात ते बोलत होते.

"लाइन जोडून दिली की आम्ही बोर्डावरची ऐकायची चावी वर करायचो आणि बाजूला व्हायचो. ती खाली ठेवली असती तर सगळं ऐकू आलं असतं. एकतीस वर्षांत एकदाही ठेवली नाही."

"मी कुठे ऐकते? तुम्ही ठीक आहात ना, एवढंच बघते."

"परवा मी शर्टाची बटणं लावत होतो. एक घर चुकलं, सगळी काढून परत लावली, परत चुकलं. संध्याकाळी तू बिनबटणांचे दोन टी-शर्ट घेऊन आलीस. काही बोलली नाहीस, पण मला कळलं."

धाकटीने ते पाहिलं होतं. शेजारी बसलेल्या नर्सला दिसू नये म्हणून स्क्रीन तळहाताने झाकली होती, तरी बघत राहिली होती.

"आणि पडलात तर?"

"पडलो, तर तुला तिकडून उचलता येणार आहे का? ठेवतो. डबा गार होईल तुझा."

फोन बंद झाला. धाकटीला राग आला आणि रागाच्या भरात, ट्रेमधला प्रत्येक चिमटा दोनदा मोजणाऱ्या बाईने करू नये ते तिने केलं. कालचा आकडा घातला, मग परवाचा, मग मनाने एक. खातं चोवीस तासांसाठी बंद करण्यात आलं आहे, आपली सुरक्षितता आम्हाला महत्त्वाची वाटते, असं कंपनीने कळवलं. तिने दादाला निरोप पाठवला. त्याचं उत्तर लगेच आलं. मीटिंगमध्ये होता, रविवारी बघतो म्हणाला.

ती परत विभागात गेली, हात धुतले, टोपी घातली. तीन वाजता थिएटरातून माणूस आला आणि ट्रे मागू लागला. डॉक्टर खोळंबले होते. धाकटीने वाफेवर ठेवायच्या आधी तो दिव्याखाली धरला. एका चिमट्याच्या सांध्यात केसाएवढा डाग होता. तिने अख्खा ट्रे परत धुवायला टाकला. माणूस कुरकुरला, मग थिएटरातून फोन आला, मग दुसऱ्यांदा आला. दोन तास लागतील, तोवर दुसरा ट्रे देते, पण हा मिळणार नाही, असं तिने दोन्ही वेळा सांगितलं.

सुटल्यावर तिने घरी दोनदा फोन लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही. बस नेमकी चौकात अडकली, तेव्हा दोन थांबे आधीच उतरून ती चालत निघाली. शेवटच्या गल्लीत चक्क पळाली. दोन मजले चढून वर आली तर दाराला बाहेरून कुलूप. तिने आपल्या किल्लीने दार उघडलं. पलंगावरची चादर नीट ओढलेली होती. न्हाणीघर कोरडं होतं. बाबांचा चार पायांचा वॉकर दाराआड भिंतीला लावून ठेवलेला होता आणि छत्र्यांच्या कोपऱ्यातली जुनी काठी नव्हती. गेल्या दहा महिन्यांत बाबा एकटे उंबऱ्याबाहेर गेले नव्हते.

ती गॅलरीत धावली आणि खाली वाकली. समोरच्या फुटपाथवर सलूनची काच होती. काचेआड कडेच्या खुर्चीत एक ताठ मान दिसत होती.

रस्ता ओलांडून ती काचेपाशी पोचली. बाबाच होते. केस कापलेले, दाढी गुळगुळीत, अंगात बटणांचा पांढरा शर्ट. एक बटण घर चुकून लागलं होतं. त्यांचं बाहेर लक्ष नव्हतं. त्यांनी समोरच्या फळीवरचा कंगवा उचलला, थरथरत्या हाताने डोक्यावरून एकदा फिरवला आणि आरशात डावीकडून, मग उजवीकडून स्वतःला पाहिलं.

धाकटीने मान वळवली. चार पावलं मागे गेली, रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली, धाप ओसरू दिली. मग चपला वाजवत गेली आणि दार आवाज करत ढकललं.

सलूनवाला म्हणाला, "काकांना वर सोडतो म्हटलं, तर नको म्हणाले. लेक सव्वापाचला येते, तिची वेळ चुकत नाही म्हणाले."

"फोन का नाही उचललात?" तिने बाबांना विचारलं.

"घरी राहिला. उतरताना एका हातात काठी, एका हातात कठडा. फोन कुठे धरू?" बाबा खुर्चीतून स्वतः उठले. "उतरलो एकटा. चढताना घरचं कुणी असावं, एवढं कळतं मला."

दोघांनी रस्ता ओलांडला. जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी बाबा थांबले.

"उद्या त्या कंपनीला फोन लाव. मी बोलतो त्यांच्याशी. नंबर तुझा घालू."

बाबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"पण ते यंत्र दाराकडे वळवायचं. मी गेलो, आलो, एवढं दिसेल तुला. घरातलं नाही."

पुन्हा पडलात तर, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण न्हाणीघर त्या कॅमेऱ्याला कधीच दिसत नव्हतं, हे तिच्या आत्ता पहिल्यांदा ध्यानात आलं.

"बरं. आणि दुपारी मी फोन करीन, तो उचलायचा. कुठेही असलात तरी."

"उचलेन."

तिने त्यांच्या कोपराला हात लावला. बाबांनी तो हलकेच बाजूला केला.

"तू हो पुढे."

धाकटी पुढे झाली. पहिल्या मजल्यापर्यंत मागून एका लयीत आवाज येत राहिला, काठी, एक पाय, दुसरा पाय. त्यानंतर दोन आवाजांमधलं अंतर वाढत गेलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बाबा थांबलेच. धाकटीने कठडा घट्ट धरला. मागून श्वास ऐकू येत होता, आखूड, मग लांब, मग पुन्हा आखूड. ती पाठमोरी उभी राहिली, समोरच्या भिंतीचे पोपडे बघत. बऱ्याच वेळाने काठी पायरीवर टेकली. मग तीही एक पायरी वर गेली.