अठ्ठेचाळीस आकडी किल्ली

“कॉम्प्युटरचा जुना बोर्ड काढायच्या आधी डिस्कचं कुलूप काढून ठेव,” असं दादा फोनवर सांगत होता, तेव्हा ती लेकीच्या तोंडात बोट घालून खडूचा तुकडा शोधत होती. फोन खांदा आणि कान यांच्यात दाबलेला.

“ऐकतेयस ना? सिस्टीम आहे तशी नव्या बोर्डवर जाईल. पण ते कुलूप जुन्या बोर्डला ओळखतं, नव्याला नाही ओळखणार. दोन मिनिटांचं काम आहे. बस समोर, मी सांगतो.”

“दादा, दुकानवाले रोज हेच करतात. मी काय कुकुलं बाळ आहे?”

“तसं नाही गं. म्हटलं, तेवढंच बोलणं...”

“ठेवते. हिने काहीतरी गिळलंय.”

गिळलं काहीच नव्हतं. खडू मुठीत होता.

त्यानंतर दादाचा फोन आला नाही. “रुसला असेल,” नवरा म्हणाला. “तुझा भाऊ रुसला की कासवासारखा आत जातो. येईल बाहेर.” तिला ते पटलं, किंवा सोयीचं वाटलं. लेकीचा ताप ती दिवसातून चारदा बघे, झोपेत तिच्या नाकाशी बोट धरून श्वास तपासे, खिडकीची कडी लावल्यावरही एकदा ओढून पाही. जीव टांगणीला लावायला तिच्याकडे कारणांची कमी नव्हती. त्यात थोरला भाऊ कुठेच नव्हता. थोरली माणसं आपली आपण नीट असतात, असं ती लहानपणापासून धरून चालली होती.

आज दुपारी ती दुरुस्तीवाल्याच्या टेबलासमोर उभी होती, लेक कडेवर. दादाने सुटे भाग जमवून जोडून दिलेला तिचा कॉम्प्युटर उघडा पडला होता. ती घरी बसून छापखान्यासाठी पुस्तकांची पानं लावत असे, आणि हल्ली एक पान उघडेपर्यंत चहा उकळून निवायचा. म्हणून नवा मदरबोर्ड. जुना बाजूला कागदावर पडला होता. दुरुस्तीवाल्याने जुनी डिस्क नव्या बोर्डवर बसवली, बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा निळा झाला आणि किल्ली मागू लागला.

“कुलूप लावलेलं होतं का, ताई?” त्याने चष्मा कपाळावर सरकवला.

“हो.”

“मग आधी बोलायचं नाही का?”

तिने लेकीच्या पायातला मोजा वर ओढला.

“अठ्ठेचाळीस आकडे आहेत. ते मिळाले तर सगळं जिथल्या तिथे. नाहीतर डिस्क पुसायची आणि सिस्टीम नव्याने टाकायची. आतलं गेलं म्हणून समजा.”

आत दोन वर्षांची पानं होती. लेकीचा जन्मापासूनचा एकूण एक फोटो होता.

“जुना बोर्ड परत लावला तर?”

“काढताना त्याच्या सॉकेटमधल्या पिना वाकल्या, ताई. खोटं कशाला सांगू? किल्ली कुणाच्या खात्यात ठेवलीय, ते बघा.”

दादाच्या. तिने तेव्हा खातं उघडायचा कंटाळा केला होता. “माझ्याच खात्यावर टाकतो,” दादा म्हणाला होता. “पासवर्ड म्हणजे आई तुला ज्या नावाने हाक मारायची ते, आणि पुढे चार शून्यं. हे विसरलीस तर धन्य आहे तुझी.”

तिने दादाला फोन लावला. बंद. झोपला असेल. तिने लेकीला स्टुलावर बसवलं, एका हाताने तिचा फ्रॉक धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवर ते नाव टाईप केलं. आईनंतर त्या नावाने तिला कुणी बोलावलं नव्हतं. चार शून्यं. खातं उघडलं.

किल्ली तिथेच होती. कॉम्प्युटरचं नाव दादाने ‘धाकटी’ ठेवलं होतं. ती आकडे वाचत गेली, दुरुस्तीवाला एका बोटाने दाबत गेला. शेवटच्या सहा आकड्यांना लेकीने टाळ्या वाजवल्या.

पडदा उजळला. लेकीचा पहिला दात दाखवणारा फोटो आला, पानांची फोल्डरं आली. सगळं जिथल्या तिथे.

“चला, गंगेत घोडं न्हालं,” दुरुस्तीवाला म्हणाला. “आता ते कुलूप नव्या बोर्डशी जुळवून घेतो. भावाला पेढे द्या तुमच्या.”

ती हसली. खातं बंद करायला मोबाइल उचलला, तेव्हा तिला दुसरी ओळ दिसली. ‘धाकटी’च्या खाली ‘कारखाना’. हा दादाचा स्वतःचा कॉम्प्युटर. तो जेवला, झोपला, आजारी पडला तरी चालूच असायचा. म्हणून तर ते नाव. त्यापुढे बारीक अक्षरांत लिहिलं होतं: इंटरनेटशी शेवटची जोडणी, एकोणीस दिवसांपूर्वी.

तिने बोटांवर मोजलं. मग पुन्हा मोजलं. खडूचा दिवस, दादाच्या शेवटच्या फोनचा, त्याच्या आदला होता, विसावा.

“काय झालं, ताई? फोटो राहिले का काही?”

“नाही. सगळे आहेत.”

फोन पुन्हा बंद लागला. दादाचं गाव रात्रभराच्या अंतरावर. तिथल्या कुणाचाही नंबर तिच्याकडे नव्हता. होता तो फक्त त्यांच्या लहानपणच्या वसाहतीचा ग्रुप, वर्षापूर्वी आवाज बंद करून ठेवलेला. त्यात तीनशे माणसं होती. निम्म्यांची नावंही तिला आता सांगता आली नसती. तिने लेकीला पुन्हा कडेवर घेतलं आणि एका अंगठ्याने लिहायला लागली.

“मी चार नंबरच्या बिल्डिंगमधली धाकटी. दादा अजून तिथेच राहतो, तिसऱ्या मजल्यावर, डावीकडचं दार. एकटाच असतो. तुम्ही जे कोणी हे वाचत असाल, जवळ असाल तर कृपा करून आत्ता वर जा. बेल वाजत नसेल तर दार वाजवा, थांबू नका, जोरात वाजवा. उघडलं तर तो चिडेल. चिडू द्या. मला फक्त एवढंच कळवा, की चिडला.”